तेकुराचं शनिवारचं विमान

रविवार, ९ जून

पर्थहून तेकुराचा फोन. पपा हॉस्पिटलात आहेत हे कळून आठवडा झाला, बाईसाहेब अजून अंतरच मोजतायत! पर्थ ते रारोटोंगा आठ हजार किलोमीटर, ऑकलंडपर्यंत सात तास, तिथं ताटकळायचं, मग पुढे चार तास... जणू विमान हीच वल्हवत आणणार आहे! आपले पूर्वज याच समुद्रातून होड्यांनी आले. नाचता येईना, अंगण वाकडं.

अकरा वर्षांत दोनदा आली ही धाकटी. दोन्ही वेळा पाय सुजले म्हणून आडवी! पपांचं अंग मीच पुसायचं.

सोमवार, १०

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता काही सांगता येत नाही. मी पपांना म्हटलं, घाबरू नका, तुमचा हात मी धरून असेन. "थोरली आहे म्हणजे झालं," म्हणाले.

मग तारोची पानं नारळाच्या दुधात शिजवून नेली होती, ती भरवली. दोन घास खाल्ले आणि विचारतात, तेकुरा कुठवर आली? रांधलं कोणी, ते नाही विचारलं. लागलं मनाला. इथं नाही लिहिणार तर कुठं लिहिणार?

बुधवार, १२

तिचा निरोप — शनिवारी सकाळच्या विमानाने येते. निघाली एकदाची! वर सल्ले. पपांना मऊ उशी दे, खोलीत हवा खेळू दे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

गुरुवार, १३

ताउ म्हणतो, ऑकलंडचा शनिवार म्हणजे आपला शुक्रवार. मधे तारखेची रेघ आहे, ती ओलांडली की विमान आदल्या दिवशी उतरतं. नवरा मला शिकवतोय! जन्म गेला माझा इथं. घरच्यांना येण्याचा वार सांगताना माणूस इथलाच वार सांगतो, एवढी अक्कल तेकुरालाही असेल.

"विचार तरी तिला," म्हणाला.

मी विचारू? म्हणजे तिला वाटायचं, मी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेय. नाही विचारलं.

शुक्रवार, १४, दुपार

सकाळी पपा शांत होते. नर्स म्हणाली, घरी जाऊन जरा पाठ टेका. पाठ कसली टेकते! उद्या महाराणी येणार. चादरी बदलल्या, मासा लिंबात मुरत ठेवला, आता तिच्या गळ्यात घालायची फुलांची माळ गुंफतेय. माळ नसली तर जन्मभर ऐकवेल. ताउ बाहेर आईच्या थडग्याशेजारची जागा साफ करतोय. आमची माणसं मेली तरी अंगणातच राहतात. लांब जायची हौस फक्त तेकुराला.

आत्ताच विमान डोक्यावरून गेलं. टुरिस्टच भरलेले असणार.

शनिवार, १५

काल पपा गेले. तेकुरा विमानतळावरून बॅगेसकट थेट हॉस्पिटलात गेली होती. हात तिने धरला. मी घरी माळ गुंफत होते.

मी तिला वाट्टेल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "पपांना दिसत नव्हतं. विचारलं, थोरली ना गं? मी हो म्हणाले."