बारीक चिरलेली सलाता

१ सरतान, शुक्रवार

संपली! ताटलीत उरलेला रससुद्धा आगाजाननी नानच्या तुकड्यानं टिपून खाल्ला. "टोमॅटो-काकडी तीच, पण सूनबाईचा हात वेगळा हं!"

इतकी वर्षं या घरात सलाता मीच चिरते. धाकट्या भावाच्या, हशमतच्या लग्नाला महिना झाला, आज गुलचेहरावहिनीच्या हाती पहिल्यांदा सुरी दिली — आणि माझा हात कुणाला आठवेना!

५ सरतान, मंगळवार

ती फळी घेतच नाही. कांदा तळहातावर धरून चिरते, तुकडे डाळीएवढे. लिंबाऐवजी अंगणातल्या वेलीवरची कच्ची द्राक्षं चुरडून पिळते.

"कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात, वन्सं? घरात लिंबू नसायचं."

आणि हसते! तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. — हे लिहिलं मी. लाज वाटते. तरी खोडत नाही.

६ सरतान, बुधवार

जेवताना मी पुन्हा बामियानचा विषय काढला. तिथल्या मुलींच्या शाळेत वर्षभर गणिताला कुणी नाही. त्यांना महिनाअखेर माझं उत्तर हवंय.

आगाजान म्हणाले, "आपल्या चारीकारात शाळा नाहीत काय? मुलगी एकटी परगावी — लोकांना काय सांगू?"

मी पास झाले तेव्हा यांनीच गल्लीभर मिठाई वाटली होती. घरातली पहिली पदवीधर! आता त्या पदवीचं काय लोणचं घालू?

मी बोलतच होते. आगाजान वहिनीकडे वळले, "पोरी, थोडी सलाता वाढ."

८ सरतान, शुक्रवार

आज हट्टानं मीच केली. तिच्याहून बारीक! टोमॅटोचं पाणी झालं. हशमत म्हणाला, "ताई, ही खायची की प्यायची?" माझी सख्खी मादरजानसुद्धा पदराआड हसली.

वहिनी हसली नाही. तेच जास्त लागलं.

१५ सरतान, शुक्रवार

लग्नात सुनेचं तोंड पाहिल्यावर द्यायची भेट आगाजानकडून राहून गेली होती. आज पुलाव झाला, सलाता झाली, स्वारी खूश. "माग पोरी, काय हवं ते. सगळ्यांसमोर शब्द देतो."

"बांगड्या माग, वेडे! सोन्याच्या!" मादरजाननं तिला ढोसलं. तिचे हात अजून मोकळेच आहेत.

"विचार करून सांगते," म्हणाली. भाव खाते!

मला कधी म्हणाले, 'माग'? मी वर्षभर कुणी न विचारताच मागते आहे.

१६ सरतान, शनिवार

मागितलं तिनं. चहा देता देता, खाली मान घालून — "वन्संना बामियानला जाऊ द्या. त्यांचं घरातलं काम मी करीन."

आगाजाननी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "शब्द दिलाय."

मी जाणार! वहिनीच्या गळ्यात पडले, रडले. तरी आत जळतंच आहे — हो म्हणाले ते तिला. मला नाही.