टोकन माझ्याच टेबलावर होतं

प्रिय अक्का,

उद्या सकाळी मला कारखान्यात एका कागदावर सही करायची आहे. करू की नको, हे विचारायला घरात आता कोणी नाही. म्हणून रविवारची दुपार गाठून तुलाच लिहायला बसले.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसत नाही गं. सुपरवायझरशेजारी कोण बसणार? तू बसायचीस, म्हणून मला ते कधी कळलंच नाही.

आपल्या शिलाईच्या लाइनीवरच्या शर्टांच्या कॉलरी आठवतात? सकाळी सरळ आणि तीननंतर वाकड्या! मी सुया बदलल्या, दोरा बदलला, मेकॅनिकला पिडलं, बायकांच्या जागा बदलल्या. काही जमेना तेव्हा आरडाओरडा केला. तुझ्यावरही केला, सगळ्यांसमोर.

त्या संध्याकाळी बसमध्ये तू म्हणालीस, "पुट्टी, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुझं. सुया सोड. बायकांच्या पाण्याच्या बाटल्या स्वल्प बघ. सकाळी भरलेल्या, संध्याकाळीही भरलेल्याच."

आणि मी काय म्हणाले? "घरी तू मोठी. कारखान्यात मी सुपरवायझर." तू नुसतं कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणालीस. पुन्हा विषय काढला नाहीस. का नाही काढलास? दोन थोबाडीत ठेवून द्यायच्या होत्यास! मग तुला कावीळ झाली आणि बोलायचं राहूनच गेलं.

परवा माणसं कमी होती, म्हणून मी तुझ्या मशीनवर बसले. येताना चांगलं तांब्याभर पाणी प्यायले होते. अकराला जायची वेळ आली, तर टोकन दुसरीच घेऊन गेलेली. चाळीस बायकांत बाथरूमला जायचं एकच टोकन, आणि ते माझ्या टेबलावर! मागायला येईल तिला मी आधी घड्याळ दाखवायची. आता ते परत आल्यावर सगळ्यांसमोर स्वतः उचलायचं, तर मलाच लाज वाटली.

शेजारची सरोजा हळूच म्हणाली, "मॅडम, आम्ही पाणीच पीत नाही."

वर पत्रा तापलेला, पोटात घोटभर पाणी नाही. डोकं गरगरणार नाही तर काय! मग मीही पाण्याला हात लावला नाही, आणि दुपारी माझीही कॉलर वाकडी आली, अक्का.

आणि तू? माझी सख्खी बहीण असून टोकन मागायला एकदाही आली नाहीस. तूही दिवसभर तहानलेलीच बसायचीस ना? मी दहा पावलांवर होते. हे आठवलं की जेवण जात नाही.

उद्याचा कागद सरोजाचाच आहे, त्या वाकड्या कॉलरींसाठी. "कामात निष्काळजी, कामावरून कमी." आनेकलहून दोन बस बदलून येते ती, पदरात दोन मुलं, कमावणारी एकटी. मॅनेजरला खाली माझी सही हवी. नाही केली तर माझीही नोकरी जाईल. भीती वाटते गं! तू असतीस तर नुसती शेजारी बसली असतीस, तरी पुरलं असतं.

पण तुला शब्द देते, सही करणार नाही. सकाळी ते टोकन मॅनेजरसमोर ठेवीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगीन, "सरोजाला काढू नका. त्या कॉलरी मी वाकड्या केल्या."

तुझीच,
पुट्टी