मागच्या सखल जागेची व्यवस्था

मी, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव आणून झाला आहे. तो कोणी आणला ते पुढे येईलच. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "आईला भ्रम झाला होता," असे नंतर कोणी म्हणू नये.

एक. राहते घर मुलीला. जावयाने कपाटाची किल्ली शोधत बसू नये. ती घरात नाही.

दोन. कारखाना आणि यंत्रे मुलाला, पण अटीवर. मी जोते उंच केले, यंत्रे वर चढवली, छपराला ऊन परतवणारा रंग दिला, तेव्हा हाच म्हणाला होता, "आई, पैसे पाण्यात घालतेस." पुढच्या पुरात शेजारचे कारखाने चिखल उपसत बसले आणि त्यांची गिऱ्हाइके आमच्या दारात आली. दोन पुरांत खर्च वसूल झाला. उन्हाळ्यात कामगार आजारी पडेनासे झाले, तो फायदा वेगळा. म्हणून दरवर्षी नफ्यातला दहावा हिस्सा याच कामांसाठी काढावा. हिशेब मुलीने तपासावा. भावाबहिणीचे पटत नाही, ते इथे उपयोगी पडेल.

तीन. मी इस्पितळात असताना पुठ्ठ्याची कातरण मागच्या गटारात ढकलली गेली. कातरण भिजून फुगते आणि गटाराला बूच बसते, हे मुलाला लहानपणापासून ठाऊक आहे. विचारले, तर म्हणे, "चुकून झालं गं." त्याच आठवड्यात एक बिल्डर फीत घेऊन कारखान्यामागची सखल जागा मोजत होता. तोही चुकूनच आला असेल. तुंबलेले डबके दाखवून मला ती विकायला लावायची, असा बेत दिसतो.

चार. पुराचे पाणी त्या जागेत पसरते, म्हणून आमचा कारखाना आणि खालच्या गल्लीतली दुकाने वाचतात. मुलगा म्हणतो, "मोकळ्या जागेत पैसा कुजतोय." मी म्हटले, "शेजाऱ्यांचा कुजलेला पुठ्ठा हुंगला होतास ना रे?" यावर तो बिल्डरचा फोन घ्यायला बाहेर गेला, म्हणजे बेत कायम आहे.

ही जागा मी गल्लीतल्या सर्व दुकानदारांना सामाईक देते. सर्वांच्या सह्यांशिवाय ती विकता येणार नाही, तिच्यावर बांधकामही करता येणार नाही. बेकरीवाला आणि शिंपी कित्येक वर्षे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. त्यांच्या चांगुलपणाची मी हमी देत नाही. भांडणाची देते.

साक्षीदार: डॉक्टर आणि वकीलबाई. दोघांचेही गल्लीत दुकान नाही.
ठिकाण: कारखान्याची वरची खोली, दार आतून बंद.
दिनांक: सहीखाली, डॉक्टरांच्या हस्ताक्षरात.