कुवैतच्या एकशे बारा गोष्टी

२० एप्रिल, रविवार. सकाळी ६.
अल्काने कुवैतच्या दवाखान्यात स्टाफ नर्ससाठी अर्ज केला. म्हणजे आम्ही जाणार. नर्सिंग तिचे, बाकी सगळे माझे. कॉलेजात अठरा वर्षे क्लार्की केली, जीव विटला. संकल्प: रोज कुवैतच्या दहा फॅक्ट्स. दोनशे पानी वही आणली.
१. एकही नदी नाही. समुद्राचे पाणी गोड करून पितात.
२. दिनार जगातले सर्वात महाग चलन.
दोनच झाल्या. उद्या अठरा.

२४ एप्रिल
परीक्षेची कामे. वही उघडली नाही. आज एकच: १९६१ पर्यंत तिथे रुपया चालायचा. अल्काला सांगितले. ती नाइट करून आलेली, झोपेतच हूं म्हणाली. इंटरव्ह्यूत हेच विचारतील म्हणून बजावले.

२९ एप्रिल. नागपूर.
रुपयाचे विचारले नाही. औषधांचे डोस वगैरे किरकोळ विचारले. तरी सिलेक्ट झाली. माझ्या तयारीने कॉन्फिडन्स आला असणार.

२ मे. दुपारी १.
कुवैतमध्ये पारा ५४ च्या घरात गेलेला आहे. सवय पाहिजे. स्लॅबवर खुर्ची टाकली. इथे ४४. टार्गेट एक तास.
१.११. आई खालून ओरडली, रतन, कायले मरून राहिला तिथं? एकाग्रता गेली.
संध्याकाळी. सलाइन. अल्काने लावली. शीर पहिल्याच खेपेला सापडली. हात चांगला आहे तिचा.

८ मे
आमच्या मुर्रीच्या चौकात फ्लेक्स लावला. 'कुवैत प्रस्थानाबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा फोटो मोठा आला, कारण तिचा पासपोर्ट साइजच होता. खाली शुभेच्छुकांचे अठ्ठावीस चेहरे. शेजारच्या भैय्यालालने विचारले, व्हिसा आला काय गा? म्हटले, येऊन राहिला.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात सत्कार. नाव पुकारल्यावर मी पुढे झालो. पुष्पगुच्छ अल्काला होता. भाषण मात्र मीच केले. तेल सापडायच्या आधी तिथले लोक समुद्रातून मोती काढायचे, इथपर्यंत आलो आणि माइक बंद पडला. पंखे सुरू होते.

१९ मे
व्हिसा आला. एकच. भरती करणाऱ्या एजन्सीच्या बाई म्हणाल्या, फॅमिलीचे आत्ता जमणार नाही. म्हणजे प्रोसेस दोन टप्प्यांत आहे. माझा दुसरा टप्पा. अल्का भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली तुम्हाले. वही तपासली. तशी नोंद नाही.

२८ मे. गोंदिया स्टेशन.
वही तिच्या बॅगेत कपड्यांखाली सरकवली होती. एकशे बारा फॅक्ट्स. परक्या मुलखात कामी येतील. घड्याळ अडीच तास मागे कर, हे सांगायचे ठरवले होते. गाडी सुटली तेव्हा पाण्याची बाटली घेतली का, एवढेच विचारले. ती रडली. मी नाही रडलो. परत आलो तर घर फार मोठे वाटून राहिले.

५ जून
दुधाला जाताना फ्लेक्सखालून जावे लागते. भैय्यालाल रोज विचारतो, कधी निघून राहिला गा? आजपासून मागच्या गल्लीने जातो. दीड किलोमीटर जास्त पडते. तब्येतीला चांगले.

१३ जून, शुक्रवार
तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलो. आला नाही. मेसेज आला, नर्सला कुठली शुक्रवारची सुट्टी, माझी मंगळवारी असते. हे वहीत नव्हते.
इतके दिवस भैय्यालालच्या घरून भाजी-पोळी यायची. आज ते गावाला गेले. स्वयंपाकाला पहिल्यांदा हात लावला. तिखटाच्या डब्यामागे वही. नेलीच नाही! फार राग आला. उघडली. एकशे बाराच्या खाली तिचे अक्षर.
११३. आईची बीपीची गोळी सकाळी पांढरी, रात्री पिवळी. उलट करू नका.
११४. कुकरच्या तीन शिट्ट्या.
११५. मीठ कमी चालते असे तुम्ही म्हणता. चालत नाही.
११६. फ्लेक्स काढून टाका. लोक हसतात. मला आवडत नाही तुम्हाला हसलेले.
११७. मला तिथे करमणार नाही. रडू आले तरी फोनवर दाखवणार नाही. तुम्हीही विचारू नका.
आईला विचारले, सकाळी कोणती गोळी घेऊन राहिली? म्हणाली, तू देऊन राहिला ते. पिवळी.

१४ जून
भैय्यालाल परत आला. शिडी मागितली. काऊन पाहिजे, हे त्याने विचारले नाही. धरायला सोबत आला.