देल्फिनसाहेबांना युनियन ठाऊकच नव्हती

एस्तान्सिया, मंगळवार

आदरणीय मानांग फेलिसा,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? (उतरू देत नसेल तर वरच राहा, खाली काही बरं चाललेलं नाही.) आम्ही नोकरीवाचून ठणठणीत आहोत.

खटल्याचं विचारलंस. मासळीच्या कारखान्यातून आम्हा सातजणांना काढलं ते युनियन केली म्हणून, हे बंदरावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. कंपनी म्हणते, छे, डोक्याला जाळी नव्हती म्हणून काढलं. सातांत नेमेसियोकाका आहेत. त्यांच्या डोक्यावर केस होते तेव्हा कारखानाच नव्हता. तरी कामगार आयोगाने कंपनीपुढे मान डोलावली. मग अपिलाच्या कोर्टात गेलो. तीन न्यायमूर्तींनी दोन वर्षं विचार केला (कोंबडी एकवीस दिवसांत उरकते) आणि कळवलं की, तुमच्यावर अन्याय झाला का हे बघणं आमचं काम नाही. आयोगाने नीट बघितलं का, एवढंच आम्ही बघतो. आणि आयोगाने नीट बघितलेलं नाही, सबब त्याच आयोगाने पुन्हा बघावं. आंधळ्याला चष्मा बदलून दिला, झालं.

आता सगळं एका प्रश्नावर अडलंय: आम्हाला काढलं तेव्हा मॅनेजर देल्फिनसाहेबांना युनियन ठाऊक होती का? साहेब शपथेवर म्हणाले, "युनियन? मला कुणी बोललंच नाही हो." आणि आपण किती शहाणे बघ. संशय नको म्हणून युनियनची पहिली सभा तुझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात घेतली, आणि धर्मपिता म्हणून बोलावलं मॅनेजरलाच, कारण त्यांना डावलणं बरं दिसलं नसतं. साहेब आमच्या फलकाखाली बसून डुकराचं कुरकुरीत कातडं एकट्याने संपवून गेले.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तेओफिलो

ता. क. तुझ्या भिंतीवर त्या दिवसाचा फोटो आहे. साहेबांच्या मांडीवर बाळ, मागे फलक, 'युनियन' अक्षरं ठळक. वकीलबाई म्हणतात, तो मिळाला तर सातही नोकऱ्या परत मिळतील. ताबडतोब पाठव.

ता. क. २. डाव्या कोपऱ्यात कमरेत वाकून, आशीर्वादासाठी साहेबांचा हात कपाळाला लावतोय तो मी. युनियनचा अध्यक्ष. साहेबांपुढे वाकायचं नाही, असं बाकी सहाजणांना मी दोन वर्षं सांगतोय. तेवढा कोपरा कात्रीने काप.

ता. क. ३. वकीलबाईंना विचारलं. कापलेला फोटो चालत नाही. अख्खाच पाठव. त्या सहाजणांना मी आजच सांगून टाकतो.