चाळीस वह्या, एकच बाप

मी, शाळेचा निवृत्त शिपाई, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, कोणाच्याही धाकाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. दोन प्रती, एखादी हरवली तर.

१. बँकेतली शिल्लक मुलीला. पैसे काढताना तिने जावयाला बाहेर उभं करावं.

२. निरोप समारंभात मिळालेले पाच कवितासंग्रह रद्दीत द्यावेत. ते आमच्या गुरुजनांनी स्वतःच लिहून छापलेले आहेत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ही मंडळी एकमेकांना आपलं लेखन वाचून दाखवत. एकाने वाचायचं, सहांनी "वा! वा!" करायचं, मग पाळी बदलायची. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभा. सोमवारी हेच महाभाग वर्गात फळ्यावर निबंध लिहून देत आणि पोरं तो मुकाट उतरवत. 'माझे वडील' या निबंधातले वडील रोज ऑफिसला जात. चाळीस वह्या, एकच बाप. माझ्या मुलाने मात्र लिहिलं, "माझे वडील आमच्याच शाळेत झाडू मारतात. त्यांच्या शर्टाला खडूचा वास येतो." मास्तरांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि गठ्ठा कपाटात ठेवायला माझ्याच हातात दिला. मी वाचलं. गठ्ठा कपाटात ठेवला. नोकरी होती.

३. माझं शाईपेन सातवीच्या बाईंना. त्या एकट्याच पोरांदेखत फळ्यावर स्वतःचं लिहीत, अडत, विचारत, "इथे गाडी अडली रे, काय करू?"

"बाई, ती ओळ खोटी वाटते. काढा."

बाई काढत. शनिवारच्या मंडळींनी त्यांची टर उडवली, "आता पोरांकडून तपासून घेणार का?" दाराआडून बाईंचं ऐकत मी पन्नाशीत मनातलं लिहायला शिकलो. शनिवारच्या वाघांकडून एक ओळ शिकलो नाही.

४. राहतं घर, दोन खोल्या व पोटमाळा. हे मुलाला द्यायचं होतं. तो आता स्वतः मास्तर आहे. मागच्या आठवड्यात त्याने तपासायला आणलेल्या वह्या चाळल्या. सगळ्यांचे वडील ऑफिसला जातात.

"अरे, तूसुद्धा?"

"अण्णा, पोरांना मार्क पडायला हवेत. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

म्हणून अट घातली. त्याने वर्गात, फळ्यावर, 'माझे वडील' स्वतःचं लिहावं आणि पोरांना बोलू द्यावं. नाहीतर घर मुलीला. मी गेल्यावर तो पळवाट काढील, ही धास्ती आहे. म्हणून अट माझ्या हयातीतच पुरी व्हावी, असं त्याला सांगितलं आहे.

५. हे कलम आज वाढवलं आहे. काल मुलगा शाळेतून आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"लिहिलं, अण्णा. चारच ओळी झाल्या."

"पोरं काय म्हणाली?"

"तिसरी ओळ खोटी म्हणाली. 'मला वडिलांचा अभिमान वाटायचा.' एक मुलगी म्हणाली, सर, हे वाचताना तुम्ही आमच्याकडे बघितलंच नाही."

"मग?"

"खोडली."

"तिथे काय लिहिलंस?"

"लाज वाटायची."

मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. ओळ बरोबर आहे. कलम चारमधली अट काढून टाकतो. घर मुलाला द्यावं.

साक्षीदार: १. शेजारचे औषधवाले २. दाखला देणारे डॉक्टर
दोघांसमक्ष सही केली. अंगठा नव्हे.
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ जुलै, मंगळवार