पन्नासाव्या पानावरची चांदणी

११ डिसेंबर
नाताळच्या कादंबऱ्या मांडल्या! वाचनालयाच्या बाईंनी दारातच वेगळी फळी लावली आहे. तीन उचलल्या. तिन्हींवर बर्फ, उजळलेली खिडकी आणि एक लठ्ठ मांजर. शहरातली मुलगी नोकरी गमावून गावी परतणार, बुडती बेकरी सावरणार, सुताराशी लग्न करणार. शेवट मुखपृष्ठावरच कळतो. तरी वाचते. या वयात जिवाला घोर लावणारं काही नको.

१३ डिसेंबर
पहिली संपली. सुतारच निघाला.

१४ डिसेंबर
दोन कोटांची अस्तरं बदलली, एकाची चेन. मग दुसरी कादंबरी घेतली आणि सवयीने आधी पन्नासावं पान उघडलं.

आम्हा म्हाताऱ्या वाचकांची एक चोरटी रीत आहे. ही पुस्तकं सगळी एका माळेचे मणी. वाचलेलंच पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने खूण करतो. माझी खूण बटण – गोल, आत दोन टिंबं. पन्नासाव्या पानावरची चांदणी माझ्या धाकट्या बहिणीची. चार वर्षं आमचं बोलणं नाही, पण मी तिच्या मागोमाग वाचते. चांदणी दिसली की समजायचं – बाईसाहेब ठणठणीत आहेत.

या पुस्तकात चांदणी नाही. पहिल्यातही नव्हती.

१७ डिसेंबर
यंदा उन्हाळ्यापासून आलेली सातही नवी पुस्तकं फळीपाशी उभ्या उभ्या चाळली. एकातही नाही. जुन्या सगळ्यांत आहे. वर्षभर मी जुनीच नेत होते, म्हणून ध्यानात आलं नाही. नाताळच्या कादंबऱ्या ती सोडेल? तिला तर ऑक्टोबरपासून वेध लागायचे.

१८ डिसेंबर
बाईंना विचारलं. नियमात बसत नाही म्हणाल्या. चष्मा पुसला. मग हळूच सांगितलं – फेब्रुवारीपासून तिने एकही पुस्तक नेलेलं नाही.

१९ डिसेंबर
फोन उचलला. ठेवला.

माझ्या मुलाच्या लग्नात, चारचौघांत म्हणाली होती, "ताईला काय विचारता? तिने शाळा कुठे पाहिली आहे!" सगळे हसले. ती शाळेत जावी म्हणून तर मी कारखान्यात गेले. कापडाच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत अक्षरं शिकले. तिने माफी मागितली नाही, मी विषय काढला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही – दोघींचाही.

२२ डिसेंबर
तिसऱ्या कादंबरीत भांडलेल्या बहिणी आहेत. एक केक घेऊन बर्फातून दुसरीच्या दारात जाते आणि तीन पानांत समेट! लिहिणारीला बहीण नसावी.

आजारी असेल तर? कोणी सांगायचं मला?

२४ डिसेंबर
कादंबरी पिशवीत टाकली आहे. केक नाही. बस नऊची.

२५ डिसेंबर
तिच्या घरातून लिहिते आहे. धाकटीची नजर गेली. फेब्रुवारीत अक्षर लागेनासं झालं, आता माणूस आवाजावरून ओळखते. मला कळवू नका, असं तिनेच सगळ्यांना बजावलेलं. काल दारात मी नुसती खोकले, तर म्हणाली, "ये ताई." मी पिशवीतलं पुस्तक काढून मोठ्याने वाचायला बसले. चौथ्या प्रकरणात तिने अडवलं –

"जरा भरभर वाच गं. माझ्या हयातीत लग्न होऊ दे त्यांचं."